एका मावशीकडे किती बाळं?

सहा महिने ते तीन वर्षं या वयाच्या मुलांच्या पाळणाघरांबद्दल वाचकांचे प्रश्न आले होते. त्यातले निवडक प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

माझी मुलगी साडेसहा महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचंय. दोन पाळणाघरं पाहिली. एक मोठं, चकचकीत आहे. एसी, कॅमेरे, मोबाइलवर दिवसभराचे फोटो. बाळांच्या खोलीत १२ बाळं आणि २ मावशी. दुसरं एका काकूंच्या घरी आहे. त्या आणि त्यांच्या मदतनीस, मिळून ६ मुलं, त्यातली २ वर्षाच्या आतली. यजमानांना पहिलं आवडलंय. कसं ठरवावं? (कोथरूड, पुणे)

आधी बाळं मोजा, मग मावशी मोजा. एसी आणि फोटो त्यानंतर.

एक हिशेब कागदावर मांडून बघा. साडेसहा महिन्यांचं बाळ ९ तास पाळणाघरात राहिलं, तर त्याचा लंगोट किंवा डायपर साधारण ४ वेळा बदलावा लागतो. पुसणं, कोरडं करणं, कपडे चढवणं आणि नंतर हात धुणं धरून एका वेळेची ६ मिनिटं. दूध आणि वरचं खाणं मिळून ४ वेळा, दर वेळी २० मिनिटं, कारण या वयाचं बाळ चमचाभर तोंडात घेतं आणि निम्मं बाहेर ढकलतं, शिवाय नंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा असतो. दिवसातून दोनदा झोपवायचं, त्याची १५-१५ मिनिटं. २४, ८० आणि ३०, एकूण १३४ मिनिटं. म्हणजे एका बाळाची नुसती निगा ठेवायलाच सव्वादोन तास जातात.

९ तासांची ५४० मिनिटं. त्यात अशी चारच बाळं बसतात, तीही मावशींनी स्वतःचा डबा न उघडता. तीन बाळं असली तर सव्वादोन-अडीच तास उरतात. खाली बसून बोलायला, खुळखुळा वाजवायला, रडणाऱ्याला कडेवर घ्यायला तेवढाच वेळ असतो. तुम्ही पाहिलेल्या मोठ्या पाळणाघरात एका मावशीच्या वाट्याला सहा बाळं येतात. सहा बाळांचं काम तेरा तासांहून जास्त होतं आणि मावशींजवळ असतात नऊ. मग काय गळतं ते पाळणाघरांत वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. आधी बोलणं गळतं, मग ढेकर, मग दुपारचा एक डायपर. शेवटी दुधाची बाटली दुमडलेल्या दुपट्याला टेकवून बाळाच्या तोंडात दिली जाते. टेकवलेल्या बाटलीनं ठसका लागून दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, कानाचा संसर्ग होण्याची शक्यताही वाढते. मावशी वाईट असतात म्हणून असं होत नाही, त्यांना दोनच हात असतात म्हणून होतं.

इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस असावाच लागतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची वर्षाखालच्या बाळांसाठीची शिफारसही तीनच बाळांची आहे. आपल्याकडे महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८च्या किमान मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस लागते. ही तळाची पायरी आहे. आपल्या हातानं जेवणारं अडीच वर्षांचं मूलही त्यात धरलेलं आहे. तुमच्या मुलीच्या वयाला आम्ही तीन म्हणू, फार तर चार.

दुसरी चौकशी मावशींच्या टिकण्याची. सरळ विचारा: या खोलीतल्या मावशी इथे किती दिवस आहेत? त्या गावी गेल्या तर त्यांच्या जागी कोण? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या मुलीला रोज भरवणार कोण, झोपवणार कोण? "सगळ्याच बघतात" असं उत्तर आलं तर ते कमकुवत समजा. सात-आठ महिन्यांपासून बाळाला परका आणि आपला हा फरक ठळकपणे कळायला लागतो. दर दोन महिन्यांनी हात बदलत राहिले तर बाळाला दर वेळी नव्यानं सुरुवात करावी लागते. मावशी टिकतात की नाही हे बरंचसं पगारावर आणि रजेवर अवलंबून असतं, म्हणून तेही विचारायला संकोचू नका.

तिसरी गोष्ट, बघायला जाण्याची वेळ. सकाळी दहाला सगळी पाळणाघरं छान दिसतात. दुपारी साडेबारा ते दीड या वेळात जा, जेव्हा कुणी जेवतंय, कुणी पेंगतंय आणि कुणाला तेव्हाच शी झाली आहे. अर्धा तास कोपऱ्यात बसू द्या म्हणा. "त्या वेळी पालकांना आत घेत नाही" असं जिथे सांगतात तिथे मूल ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बसलात की एका बाळाचा डायपर बदलताना नीट बघा. चांगल्या मावशी सामान आधी हाताशी घेतात, कारण बाळाला ओट्यावर किंवा टेबलावर ठेवून पावडर आणायला वळलं की त्या दोन सेकंदांत बाळ कुशीवर होऊन खाली येतं. एक हात सतत बाळावर असतो. पुसणं पुढून मागे, मुलींच्या बाबतीत तर हटकून. दोन्ही पाय एकदम घोट्यांना धरून उचलण्याऐवजी त्या कमरेखाली हात घालतात. आणि बोलत असतात: "आता गार लागेल हं. पाय दे बघू." बाळ क्षणभर थांबतं, मग खरंच पाय उचलतं. १९४६ साली बुडापेस्टमध्ये एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी निराधार बाळांसाठी संगोपनगृह उघडलं, तेव्हा लंगोट बदलणं, आंघोळ आणि भरवणं या रोजच्या कामांनाच त्यांनी मध्यवर्ती स्थान दिलं. दिवसभरात एका माणसाचं पूर्ण लक्ष फक्त त्या एका बाळाकडे असतं ते याच वेळी. पाळणाघराचा दर्जा आम्ही तिथेच बघतो, भिंतीवरच्या कार्टूनमध्ये नाही.

कॅमेऱ्यांबद्दल. ते असावेत. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यातल्या चित्रणामुळेच सिद्ध करता आली. पण कॅमेरा बसवलेला असूनही ती मारहाण झाली होती. चित्रण रोज कोणी बघतं का, किती दिवस साठवतात, झोपायच्या खोलीत कॅमेरा आहे का, ही उत्तरं मिळाल्याशिवाय नुसत्या डब्याला किंमत देऊ नका.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून आमचा कल काकूंच्या घराकडे आहे, पण काही गोष्टी पाहूनच. न्हाणीघरात भरलेली बादली किंवा टब उघडा राहता कामा नये. नुकतं उभं राहायला लागलेलं मूल डोक्याकडे जड असतं, ते बादलीत वाकलं की परत वर येता येत नाही आणि चार बोटं पाण्यातही गुदमरतं. स्वयंपाकघराला फळी किंवा छोटं दार हवं. खिडकीच्या गजांमधलं अंतर १० सेंटीमीटरपेक्षा कमी हवं, आणि खिडकीखाली चढता येईल असा दिवाण नको. घरात आणखी कोण राहतं, कोण येतं-जातं, मदतनीस बाईंची पोलीस पडताळणी झाली आहे का, तेही पाहा. आणि दोन मोठी माणसं सतत घरात असतात का, हे मुद्दाम विचारा. काकू भाजीला गेल्या की मदतनीस एकटी उरते, तेव्हा एखाद्या मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं तर बाकीच्यांना कोण बघणार?

आमचा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. पाळणाघरात दुपारी चार तास झोपतो असं सांगतात, आणि घरी रात्री बारापर्यंत टक्क जागा. आई म्हणते, झोपेचं काहीतरी देत असतील. विचारायचं कसं? (नागपूर)

या वयाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, त्यातली दिवसाची दोन ते तीन तास. चार तास म्हणजे जास्त आहे, पण औषधाचा संशय घेण्याआधी साधी कारणं तपासा. सकाळी सहाला उठवून त्याला आवरता का? पाळणाघरात शेवटचं मूल उठेपर्यंत खोलीत अंधार ठेवतात का? दुपारनंतर खेळायला, बाहेर ओट्यावर जायला काही आहे का? बऱ्याच ठिकाणी मुलं झोपलेली सोयीची म्हणून त्यांना उठवलंच जात नाही. "दोन तासांनी पडदा उघडून, हाक मारून उठवाल का, आठ दिवस करून बघू" एवढं सांगितलं की बहुतेक वेळा रात्रीचं जागरण कमी होतं.

आता संशयाचं. शनिवार-रविवारी घरी त्याची झोप लिहून ठेवा आणि आठवड्यातल्या दिवसांशी ताडून बघा. घ्यायला जाल तेव्हा तो जागा असूनही मान टाकतो, हाक मारल्यावर डोळे जड, दूध ओढत नाही, चालताना नेहमीपेक्षा जास्त झोकांड्या, आणि हे फक्त कामाच्या दिवशी, असं दिसलं तर त्याच संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. तिथे काय वाटतं ते स्पष्ट सांगा. सर्दी-खोकल्याच्या आणि ॲलर्जीच्या काही औषधांनी सुस्ती येते. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. क्लोरफेनिरामाइन आणि फिनायलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये बजावलं. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं औषध मुळीच देऊ नये असं सांगितलं. तेव्हा "जरा सर्दी वाटली म्हणून चमचाभर दिलं" हे उत्तर चालवून घेऊ नका. नियम लेखी हवा: पालकांच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय पॅरासिटामॉलसुद्धा नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा मिलिलिटरमध्ये आणि वेळ. चमच्यावर विसंबू नये, घरोघरी चमचे वेगळे असतात. औषधासोबत येणारी सिरिंज किंवा खुणांचं टोपण वापरायचं.

खोलीत जाल तेव्हा झोपवतात कसं तेही बघा, कारण तिथे तुमच्या मुलापेक्षा लहान बाळंही असणार. वर्षाच्या आतलं बाळ उताणंच झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर. राईची उशी नको, लोड नकोत, तोंडापर्यंत येणारी गोधडी नको. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी देणाऱ्या आजीची माया खरी असते, पण उशीवर मान पुढे मुडपली की एवढ्याशा बाळाचा श्वास अडतो. झोळीतही तेच होतं, हनुवटी छातीला टेकते. झोपवण्याआधी गळ्यातला काळा दोरा काढून ठेवायचा. आणि खोलीचं दार लावून सगळ्यांनी बाहेर बसायचं नाही, दर दहा-पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन पोट वरखाली होतंय का ते पाहायचं.

मी दूध काढून पाळणाघरात देणार आहे. डब्यात कसं न्यावं, किती वेळ टिकतं? मावशी म्हणतात, पावडरचं दूध सोपं पडतं. (ठाणे)

तुम्ही दूध देणार आहात हे फार चांगलं. मावशींना ते अवघड वाटतं, कारण नेमकं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या छोट्या डब्या घ्या, एकेका डबीत ६० ते ९० मिलिलिटर. मोठी बाटली भरून दिली की उरलेलं टाकावं लागतं आणि तुमचा जीव तुटतो. डबीवर चिकटपट्टी लावून बाळाचं नाव, तारीख, काढल्याची वेळ लिहा. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास राहतं. ठाण्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तो भरवसा धरू नका, काढल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस टिकतं, पण दारातल्या कप्प्यात नाही, कारण दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. पाळणाघरातला फ्रिज असाच सतत उघडतो आणि वीजही जाते, म्हणून तिथे आदल्या दिवशीचं आणि त्याच दिवशीचं एवढंच द्या. नेताना बर्फाच्या पिशव्या घातलेली थंड पिशवी वापरा.

मावशींना समोर बसवून एकदा दाखवा. डबी गरम पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं ठेवायची. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही, त्यात मधूनच चटका बसेल एवढं गरम होतं. वर साय धरल्यासारखं दिसतं ते खराब झालेलं नसतं, डबी हलकेच फिरवली की मिसळतं. हे माहीत नसल्यानं कितीतरी चांगलं दूध मोरीत जातं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा. द्यायचं वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, बाळ बसतं धरून, मान जरा वर. चमचा खालच्या ओठाला टेकवायचा आणि बाळानं ओढेपर्यंत थांबायचं, घशात ओतायचं नाही. उष्टं उरलेलं दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. दुसऱ्या बाळाला चुकूनही द्यायचं नाही.

पावडरचं दूध सोपं वाटतं तेवढं नाही. उकळून ७० अंशांच्या वरच असलेल्या पाण्यात ते करावं लागतं, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग निववून लगेच पाजायचं आणि दोन तासांत संपवायचं. मावशी पाणी जास्त घालून पावडर पुरवतात तेव्हा बाळाचं वजन अडतं. हे वरवर कळत नाही, दर महिन्याच्या वजनातच दिसतं. आणि वर्षाच्या आत मध नको, गुटीतूनही नको.

मी सांगलीत आठ वर्षं घरी पाळणाघर चालवते. पावसाळ्यात एकाला काही झालं की सगळ्यांना होतं. पालक सकाळी ताप उतरवून मूल आणून सोडतात. नियम लावले तर मुलं कमी होतील अशी भीती वाटते. (सांगली)

तुमची भीती रास्त आहे, पण नियम लावाच. पालक वाईट नसतात, त्यांना रजा नसते. म्हणून प्रवेशाच्या अर्जातच दोन माणसांचे फोन घ्या, जी तासाभरात येऊन मूल नेऊ शकतील: आजी, आत्या, शेजारच्या काकू, कुणीही. नियम पावसाळ्याआधी, मे महिन्यात, सगळ्यांना छापून द्या. भर तापात दारात उभं राहून सांगितलेला नियम भांडणासारखा वाटतो.

नुसती सर्दी आहे, खेळतंय, खातंय, तर येऊ द्या. शेंबडाला घाबरून चालणार नाही, पाळणाघरात पहिल्या वर्षी मुलाला आठ-दहा वेळा सर्दी होते. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसल्यावर या. सात वाजता दिलेल्या पॅरासिटामॉलचा परिणाम अकराच्या सुमाराला ओसरतो आणि मूल तुमच्याकडे फणफणतं, हे कारण नियमाखाली लिहाच. जुलाब, उलट्या: शेवटच्या पातळ शीनंतर ४८ तास. कांजिण्या: सगळ्या फोडांच्या खपल्या धरेपर्यंत. हात-पाय-तोंडाचा आजार, म्हणजे ताप, तोंडात फोड आणि तळहात-तळपायावर पुरळ: ताप जाऊन फोड सुकेपर्यंत, साधारण आठवडा. त्याचा विषाणू शीमधून पुढे कित्येक आठवडे पडत राहतो, त्यामुळे मूल परत आलं तरी तुमचे हात धुणं ढिलं पडता कामा नये.

एकाचं सगळ्यांना होतं ते बहुतेक तुमच्याच हातांनी जातं, हे वाईट वाटून घेण्याजोगं नाही, सुधारण्याजोगं आहे. डायपरची जागा आणि भरवण्याची जागा एकमेकींपासून शक्य तितकी दूर न्या. रेक्झिनची गादी, त्यावर दर बाळाला वेगळं फडकं. मळलेला डायपर गुंडाळून झाकणाच्या, पायानं उघडणाऱ्या डब्यात. बाळ खाली ठेवलं की साबणानं ४० सेकंद हात धुवायचे: बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. नंतर बाळाचेही हात धुवायचे, हे हमखास राहतं. हात पुसायला सगळ्यांचा मिळून एकच नॅपकिन आणि नाक पुसायला पदर, या दोन गोष्टी आजच बंद करा. नाकासाठी जुन्या मऊ सुती साडीचे तुकडे करा, एका वेळेला एक, वापरला की धुण्याच्या बादलीत.

खेळण्यांसाठी एक टोपलं वेगळं ठेवा. बाळानं तोंडात घातलेलं खेळणं खाली पडलं की ते उचलून त्या टोपल्यात, पुन्हा चटईवर नाही. संध्याकाळी साबणाच्या पाण्यातून, साध्या पाण्यातून काढून वाळत घाला. कापडी बाहुल्या पावसाळ्यात वाळत नाहीत, त्या दिवाळीपर्यंत माळ्यावर ठेवलेल्या बऱ्या. अंथरूण-पांघरूण ज्याचं त्याला, नाव शिवलेलं, शुक्रवारी घरी धुवायला.

लसीकरण कार्डाची प्रत अर्जाला जोडून घ्या. नऊ महिन्यांचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस झालाय का एवढं तरी नक्की बघा. गोवर फार झपाट्यानं पसरतो आणि तुमच्याकडे नऊ महिन्यांच्या आतली बाळंही असतात.

वीस महिन्यांचा मुलगा पाळणाघरात दुसऱ्या मुलांना चावतो. "याला काढा" असं इतर पालक म्हणू लागले आहेत. (नाशिक)

या वयात चावणं सर्रास आढळतं. बोलायला शब्द नाहीत, दात शिवशिवतात आणि हातातली गाडी कुणीतरी ओढली, एवढं पुरतं. मावशींना आठवडाभर वेळ आणि जागा टिपून ठेवायला सांगा. बहुतेकदा एक ठराविक वेळ सापडते: जेवणाच्या आधी भुकेची, किंवा सगळी एकाच चटईवर कोंबलेली असतात ती. त्या वेळी खाणं वीस मिनिटं आधी द्या, एकसारख्या दोन-तीन गाड्या ठेवा आणि मावशी हाताच्या अंतरावर बसू द्या. चावलाच, तर आधी ज्याला लागलंय त्याला जवळ घ्यायचं, मग याला डोळ्यांत बघून दोनच शब्द: "चावायचं नाही." त्याला उलट चावून दाखवणं, तोंडावर चापट मारणं, मिरचीची भीती घालणं यांतलं काहीही होत असेल तर तिथून मूल काढा. चावलेली जागा साबण-पाण्यानं धुवायची, कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवायची. कोण चावलं त्याचं नाव दुसऱ्या पालकांना सांगायचं नाही.

आमच्या कंपनीत साठ जण आहेत. पाळणाघर द्यायला हवं ना? (पिंपरी)

हो. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हा पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. विश्रांतीची वेळ धरून आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं, हाही त्याच तरतुदीचा भाग आहे. कामावर रुजू होताना ही सोय लेखी कळवणं मालकाचं काम आहे, तेव्हा मागणीही लेखीच करा, शक्यतो चार-पाच आयांनी मिळून. पाळणाघर ठरवताना कारखान्याच्या फाटकापासून तिथवर चालत किती मिनिटं लागतात ते मोजा. पंधरा मिनिटं जायला आणि पंधरा यायला लागली, तर दूध पाजायला वेळच उरत नाही.